शिमग्याच्या सुमारास हापूसच्या कैऱ्या गळतात: फवारणीआधी काय काय तपासायचं

परसात एखाद-दुसरं हापूसचं कलम असलेल्या घरांत ही तक्रार दरवर्षी ठरलेली. मोहोर भरगच्च येतो, फळधारणाही होते, आणि फाल्गुन लागला की रोज सकाळी झाडाखाली कैऱ्यांचा सडा पडतो. मग शेतकी दुकानातून घाईने एखादी बाटली येते. बहुतेक वेळा त्या बाटलीची गरज नसते, आणि भर फुलोऱ्यात मारली तर गळ आणखी वाढते. म्हणून आधी लक्षण नीट ओळखा.

लक्षणं

कैऱ्या मिरीपासून वाटाण्याएवढ्या, झाड हिरवंगार, मोहोराचे दांडे स्वच्छ: ही बहुधा नैसर्गिक गळ.

कैऱ्या गोटी ते सुपारीएवढ्या, देठाकडून पिवळ्या पडून गळतात, भर दुपारी कोवळी पानं मलूल होतात: पाण्याची ओढ.

गोटीएवढ्या कैऱ्या गळतात आणि त्याच काडीवर नवा मोहोर डोकावतो: पुनर्मोहोर. लांबलेल्या थंडीच्या वर्षी हमखास.

पानं वरून चकचकीत आणि हाताला चिकट, काही दिवसांनी त्यांच्यावर काळी पुटं: तुडतुडा.

मोहोरावर पिठासारखी पांढरी भुकटी, फुलं जागेवरच वाळतात: भुरी.

मोहोराच्या दांड्यावर आणि कोवळ्या पानांवर काळे-तपकिरी ठिपके: करपा.

कैरीची साल खरवडल्यासारखी करडी, कोवळी पानं वळलेली: फुलकिडे.

एकाच बाजूची फांदी निस्तेज होते, तिच्यावरच्याच कैऱ्या गळतात: खोडात किंवा फांदीत काहीतरी आहे.

पाडाला आलेले आंबे गळतात आणि आत अळ्या वळवळतात: फळमाशी. ही चैत्र-वैशाखातली गोष्ट, तिच्याबद्दल पुढे थोडक्यात लिहिलं आहे.

एकाच झाडावर दोन-तीन लक्षणं एकत्र दिसू शकतात. तरीही तपासणीचा क्रम बदलू नका.

पहिली तपासणी: गळलेल्या कैऱ्या मोजा

खर्च शून्य, लागतो तो खराटा. संध्याकाळी झाडाखालची जागा झाडून घ्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पडलेल्या कैऱ्या आकाराप्रमाणे वेगळ्या करून मोजा. असं सलग पाच दिवस करा. आकडा रोज उतरत असेल तर झाड आपला भार आपणच कमी करतंय. चढत असेल, किंवा गळणाऱ्या कैऱ्यांचा आकार वाढत चालला असेल, तर पुढे जा.

आंब्याच्या एका मोहोरात शेकडो फुलं असतात, कधी हजारांवर. त्यांतली बहुतेक नर. फळ धरू शकणारी संयुक्त फुलं हापूसमध्ये मुळातच थोडी असतात. त्यांना फळधारणा झाली तरी झाड सगळी फळं पोसू शकत नाही. शेवटी मोहोरामागे एखादी कैरी टिकली तरी झाड लगडलेलं दिसतं. वाटाण्याएवढ्या कैऱ्यांचा सडा पाहून जीव तुटतो हे खरं, पण त्या आकाराची गळ औषधाने थांबवण्यासारखी नसते.

दुसरी तपासणी: कैरी कापून पाहा

सगळ्या पाहणीत ही सर्वांत उपयोगाची, आणि नेमकी हीच कोणी करत नाही. गोटीएवढ्या किंवा त्याहून मोठ्या दहा-बारा कैऱ्या घ्या. त्याच सकाळी पडलेल्या हव्यात, कालच्या नकोत, कारण त्या आतून आपोआप तपकिरी पडतात. धारदार सुरीने देठापासून टोकापर्यंत उभ्या चिरा. बाठा अजून कोवळा असल्याने सुरी सहज जाते.

आत पांढरट, रसरशीत, जागा भरून बसलेली कोय दिसली तर परागीकरण नीट झालं होतं. मग गळ बाहेरच्या कारणाने आहे: पाणी, ऊन किंवा पुनर्मोहोर.

कोयीच्या जागी सुरकुतलेला तपकिरी कण असेल किंवा नुसती पोकळी असेल तर बी धरलंच नाही. अशी कैरी सुपारीएवढी होते आणि सुटते. फुलं उमलली तेव्हा कडाक्याची थंडी होती, मळभ होतं, किंवा फुलांवर माश्या-मधमाश्या फिरकल्याच नाहीत. यावर यंदा उपाय नाही. पाणी वाढवून किंवा खत टाकून बिनबियाची कैरी टिकत नाही. पैसे वाचवा आणि पुढच्या मोहोरासाठी परागीकरणाचा भाग वाचून ठेवा.

आत बोगदा, विष्ठा किंवा अळी दिसली तर ती कैरी झाडाखाली टाकू नका. त्या दिवशीच्या सगळ्या कैऱ्या गोळा करून दोन फूट खोल पुरा.

बारापैकी आठ-नऊ कैऱ्यांमध्ये जे दिसेल ते मुख्य कारण धरा. एका कैरीवरून निष्कर्ष काढू नका.

तिसरी तपासणी: माती आणि पाणी

खोडापासून दूर, फांद्यांचा घेर जिथे संपतो त्या रेषेवर खुरप्याने एक वीतभर खड्डा करा. अन्न-पाणी शोषणारी बारीक मुळं तिथे असतात. बुंध्याशी ओतलेल्या पाण्याचा झाडाला फारसा उपयोग नाही, उलट बुंधा सतत ओला राहिला की साल कुजते. खालची माती मुठीत दाबली तर गोळा होतो का? होत असेल तर ओल पुरेशी आहे. बोटांतून भुगा होऊन सांडत असेल तर झाड तहानलेलं आहे. आपल्याकडे जांभ्यावरचा मातीचा थर पातळ असतो. पाणी झरझर खाली जातं आणि फेब्रुवारीअखेर तो थर कोरडा ठणठणीत पडतो.

कैऱ्या वाटाण्याएवढ्या झाल्यापासून मोठ्या झाडाला दर १५ दिवसांनी १५० ते २०० लिटर पाणी द्यायचं, अशा ३ ते ४ पाळ्या. घरगुती हिशोबात १५ लिटरच्या १० ते १३ बादल्या, किंवा एक मोठं पिंप. घेराच्या रेषेवर वीतभर रुंद उथळ चर काढा आणि संध्याकाळी हळूहळू सोडा. नळीची धार धो-धो लावलीत तर अर्धं पाणी उतारावरून शेजारच्या गडग्यापर्यंत पोचतं. लहान कलमाला घेर पाहून कमी द्या.

पाणी दिल्यावर वाळलेलं गवत किंवा पातेरा चार ते सहा इंच जाडीचा पसरा. बुंध्याभोवती वीतभर जागा उघडी ठेवा, नाहीतर वाळवी थेट खोडावर चढते. हे आच्छादन नसेल तर जांभा तापतो आणि दिलेलं पाणी चार दिवसांत उडून जातं.

दोन चुका इथे वारंवार होतात. पहिली, मोहोर यायच्या आधी, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात, बागेतल्या इतर झाडांबरोबर आंब्यालाही पाणी देणं. त्याने पालवी फुटते आणि मोहोर मागे पडतो. दुसरी, दीड महिना कोरडं ठेवून मग एकाच दिवशी झाड तुडुंब भिजवणं. अशाने झाडाला धक्का बसतो, मोठ्या कैऱ्या तडकतात आणि गळतात. बराच काळ पाणी दिलं नसेल तर पहिली पाळी निम्मीच द्या, आठवड्याने पूर्ण. काढणीच्या महिनाभर आधी पाणी थांबवा.

खाडीकाठच्या घरांनी आणखी एक गोष्ट पाहायची. शिमग्यानंतर विहीर खाली जाते तसं पाणी मचूळ होऊ लागतं. चव घेऊन पाहा. जिभेला किंचित खारट लागलं आणि आंब्याच्या जुन्या पानांची टोकं करपल्यासारखी तपकिरी दिसत असतील, तर तुम्ही दिलेलं पाणीच झाडाला सोसत नाहीये. अशा वेळी जास्त पाणी म्हणजे जास्त मीठ. ते पाणी बंद करा, आच्छादन जाड करा आणि गोडं पाणी मिळेल तेवढंच द्या, कमी असलं तरी चालेल. समुद्रावरून थेट येणाऱ्या वाऱ्यानेही टोकं करपतात, पण ती झाडाच्या एकाच बाजूला. पाण्याचा दोष सगळीकडे सारखा दिसतो.

युरियाचा मोह या दिवसांत टाळाच. नत्राने नवी पालवी फुटते आणि झाड कैऱ्यांचं अन्न पालवीकडे वळवतं. मोठ्या झाडाला ५० किलो शेणखत आणि रासायनिक खतं द्यायची ती पावसाच्या सुरुवातीला.

पाणी नीट चालू झालं की १ टक्का पोटॅशियम नायट्रेटची फवारणी उपयोगी पडते: १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम (खताच्या पिशवीवर १३:००:४५ असं लिहिलेलं). कैऱ्या वाटाणा, गोटी आणि अंडं या तीन आकारांच्या असताना एकेकदा, उन्हं कलल्यावर. हे कीटकनाशक नव्हे, खत आहे. गळ कमी होते आणि फळ पोसतं. पण कोरड्या मातीतल्या झाडावर मारून काही हाती लागत नाही, म्हणून ते पाण्यानंतर.

चौथी तपासणी: अंगठा आणि पांढरा कागद

सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत. काळी पडलेली पानं दिसली की लोक करपा समजतात. अंगठा ओला करून त्या काळ्या डागावर दाबून फिरवा. डाग पुसला गेला आणि खालून हिरवं पान निघालं तर ती काजळी. तुडतुडे मोहोराचा रस शोषतात, त्यांच्या अंगातून गोड चिकटा गळतो आणि त्याच्यावर ही काळी बुरशी वाढते. काजळी पानाच्या आत शिरत नाही. खरा शत्रू वर मोहोरात बसलेला आहे. डाग पुसला गेला नाही, पान तिथे वाळून फाटत असेल, तर तो करपा.

तुडतुडा आहे की नाही हे कानालाही कळतं. मोहोर असलेली खालची फांदी एकदा झटकन हलवा. पानांवर बारीक पाऊस पडल्यासारखी तडतड ऐकू आली आणि पाचरीच्या आकाराचे करडे किडे उडाले, तर खात्री झाली.

आता पांढरा कागद. मोहोराखाली धरून दांड्याला दोन-तीन टिचक्या मारा आणि कागद उन्हात नेऊन नीट पाहा. पिवळसर किंवा तपकिरी, धाग्याच्या तुकड्याएवढे, मिलिमीटरभर लांबीचे जीव सरपटत असतील तर फुलकिडे. गेल्या काही वर्षांत कोकणात यांचा उपद्रव वाढला आहे, आणि नेहमीच्या औषधांना ते जुमानत नाहीत. हे दिसले तर स्वतः प्रयोग करू नका. कागद तसाच घडी घालून पिशवीत घ्या आणि दाखवायला न्या.

त्याच फेरीत नवा मोहोर शोधा. कैऱ्या असलेल्या काडीवर पुन्हा बोंगे फुटत असतील तर झाड अन्न तिकडे पाठवतं आणि आधीच्या गोटीएवढ्या कैऱ्या सोडतं. हात पोचेल तिथला नवा मोहोर कोवळा असतानाच बोटांनी खुडा. एकट्या झाडाला एवढं पुरतं. जिब्रेलिक आम्लाची फवारणी पुनर्मोहोर रोखायला करतात, पण तिचं प्रमाण अतिशय सूक्ष्म, ५० पीपीएम (दहा लाख भागांत ५०), आणि वेळ चुकली की उपयोग नाही. ती घरी करायची गोष्ट नाही.

पाचवी तपासणी: खोड आणि फांद्या

बुंध्यापासून वर पाहत चला. सालीवर भोक आणि खाली लाकडाचा ओलसर भुसा दिसला तर भिरूड. आत बोटाएवढी जाड अळी लाकूड पोखरत असते. वरच्या फांदीला अन्न-पाणी पोचत नाही, म्हणून त्याच बाजूच्या कैऱ्या गळतात. सायकलच्या आऱ्यासारख्या ताठ तारेला टोकाशी आकडा करा, भोकात सरकवून अळी ओढून काढा, भोक स्वच्छ करा आणि ओल्या चिकणमातीने घट्ट लिंपा. आठ दिवसांनी पुन्हा पाहा. ताजा भुसा पडला असेल तर अळी आतच आहे.

बांडगूळ दिसलं तर ते ज्या फांदीत रुतलंय ती फांदी गाठीच्या खाली फूटभर सोडून कापावी लागते. नुसती बांडगुळाची पानं ओरबाडली तर ते पुन्हा फुटतं. मात्र हे काम काढणी झाल्यावर करा, कैऱ्या असताना नको.

सहावी: झाडाचा मागचा हिशोब

कलम कराराने दिलं असेल, किंवा तुम्ही मुंबईत राहता आणि बाग दुसरा पाहतो, तर विचारा: पावसाळ्यात कल्टार (मोहोर लवकर यावा म्हणून मुळांशी घालतात ते वाढरोधक, पॅक्लोब्युट्राझोल) घातलं का, किती? प्रमाण झाडाच्या घेराच्या व्यासावर असतं, दर मीटरला ३ मिलि. आणि तेही जुलै-ऑगस्टमध्ये. मोहोर लवकर हवा म्हणून डोळ्यांच्या अंदाजाने जास्त ओतलं की मोहोराचे दांडे आखूड राहतात, फुलं दाटीने गुच्छात येतात, आत हवा खेळत नाही आणि गळ वाढते. आखूड, कोबीसारखे गच्च मोहोर दिसले तर हा संशय घ्याच. पुढची दोन वर्षं त्या झाडाला कल्टार घालू देऊ नका.

दुसरा प्रश्न परागीकरणाचा. हापूसला स्वतःच्याच परागांनी फळ नीट धरत नाही. आसपास वेगळ्या जातीचं झाड हवं. शेजारी रायवळ असेल तरी काम होतं. नसेल तर पहिल्या पावसात एक केसर, गोवा मानकूर किंवा रत्ना लावा. (रत्ना ही नीलम आणि हापूसच्या संकरातून आलेली कोकणातलीच जात, १९८१ सालची.) आंब्याचं परागीकरण मधमाश्यांइतकंच साध्या माश्याही करतात. म्हणून मोहोराच्या दिवसांत झाडाजवळचा शेणाचा ढीग उचलण्याची घाई करू नका, आणि फुलं उमललेली असताना कीटकनाशक मारू नका. दुसऱ्या तपासणीत पोकळ कैऱ्या निघाल्या असतील तर त्यांचं मूळ पुष्कळदा भर फुलोऱ्यातल्या त्या एका फवारणीत असतं.

सातवी पायरी: फवारणी

तुडतुडे थोडे असतील तर १० लिटर पाण्यात ५० मिलि कडुनिंबाचं तेल आणि ते पाण्यात मिसळायला थोडा साबण. आधी एका फांदीवर मारून दोन दिवस पाहा. पानं पोळली नाहीत तर सगळ्या झाडावर, संध्याकाळी, मोहोराच्या आतल्या बाजूला आणि खोडावरच्या भेगांतही. तुडतुडे मोहोर नसताना भेगांमध्येच दडून असतात.

भुरीसाठी पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, १० लिटरला २० ग्रॅम. गंधक आणि तेल यांच्या फवारण्यांत किमान दोन आठवड्यांचं अंतर ठेवा. दोन्ही एकत्र आली की पानं भाजतात. कडक उन्हातही गंधक मारू नका. भुरीने वाळलेले मोहोर काढून जाळा.

करपा आणि फुलकिडे यांना घरच्या घरी औषध निवडू नका. मुलं झाडाखालच्या कैऱ्या तिखट-मीठ लावून लगेच खातात. कुठलं औषध मारल्यावर किती दिवस फळ तोंडात घालायचं नाही, हे ठाऊक असल्याशिवाय पंप खांद्यावर घ्यायचा नाही.

फळमाशीला औषध नको. कैरी अंड्याएवढी झाली की २५ × २० सेंमीची वर्तमानपत्राची पिशवी देठाला बांधा. माशीला अंडी घालायला जागा मिळत नाही आणि सालही डागाळत नाही. जोडीला रक्षक सापळा (आमिषाच्या वासाने फळमाश्या ओढून पकडणारा) टांगा. तो फक्त नर पकडतो, त्यामुळे एकट्या सापळ्यावर विसंबू नका. पडलेली फळं रोज उचलून पुरा.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

पाठीवरच्या पंपाचा फवारा साधारण १५ फुटांच्या वर नीट पोचत नाही. झाड त्याहून उंच असेल तर शिडी लावून एका हाताने फवारणी करू नका. मोठ्या पंपाची लांब नळी आणि अनुभवी गडी लागतो. फांद्यांजवळून विजेची तार जात असेल तर छाटणी, फवारणी किंवा आंबे उतरवायची लोखंडी घळ यांपैकी काहीही करण्याआधी वीज कंपनीला कळवा.

भिरुडाची तीनहून अधिक भोकं असतील, भोक हाताच्या उंचीपलीकडे असेल, किंवा लिंपल्यानंतर दोनदा भुसा आला असेल तर थांबा. खोडाचा डिंक अनेक ठिकाणी वाहतोय, शेंड्याकडून फांद्या वाळत खाली येतायत, बुंध्याची साल सोलून निघतेय: यातलं एकही दिसलं तर कैऱ्यांचा विचार बाजूला ठेवा. झाड वाचवायचं काम आधी, आणि ते नुसत्या पाहणीने होत नाही.

पाणी तीन आठवडे नीट देऊनही गोटीपेक्षा मोठ्या, आतून भरलेल्या कैऱ्या रोज गळत असतील तेव्हाही थांबा. गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहाय्यक) बोलवा, किंवा जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात जा. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ आणि वेंगुर्ल्याचं प्रादेशिक फळ संशोधन केंद्र आंब्याच्याच कामातली. जाताना नुसती तक्रार नेऊ नका. त्याच सकाळच्या गळलेल्या दहा कैऱ्या, पानांसकट एक मोहोर ओल्या फडक्यात न गुंडाळता कागदात, घेराच्या रेषेवरची वीतभर खोलीची अर्धा किलो माती, विहिरीच्या पाण्याची धुतलेली बाटली आणि पाच दिवसांचे मोजलेले आकडे न्या. आतापर्यंत जे जे मारलं त्याच्या बाटल्यांचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा, प्रमाण आणि तारखेसकट.